झिंग्याची पांढरी शेपूट : बीज घेण्याआधी काय विचारावे?

कुरकुंभ म्हटले की पुणे-सोलापूर महामार्गावरून जाणाऱ्याला एमआयडीसीतले कारखाने आठवतात. पण महामार्ग सोडून दोन-चार किलोमीटर आत गेले की वेगळेच चित्र दिसते. कुठे ऊस, कुठे कांदा, दारात दुभती जनावरे आणि मधूनमधून प्लॅस्टिकचा काळा कागद अंथरलेली चौकोनी शेततळी. २०१६ मध्ये राज्य सरकारची ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, त्यानंतर अशी तळी आणखी वाढली. ती खोदली उन्हाळ्यात पिकाला पाणी द्यायला. पण पाणी साठलेले दिसले की माणसाच्या मनात मासे येतातच. शिवाय भिगवण इथून लांब नाही. उजनी धरणाच्या फुगवट्यावरची मासेमारी आणि भिगवणचा मासळी बाजार पाहत मोठ्या झालेल्या माणसांना मासळीत पैसा असतो हे कोणी शिकवावे लागत नाही.

आजवर शेततळ्यात रोहू, कटला, रूपचंद सोडले जात. आता त्यांच्या जोडीला आणखी एक नाव कानावर येऊ लागले आहे : गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी, म्हणजे बाजारातली ‘जम्बो’, आपल्या घरातल्या बोलीत मोठा झिंगा. मासा किलोने जेवढ्याला जातो त्याच्या कितीतरी पट भाव झिंग्याला मिळतो, हे ऐकून कोणाचेही मन हलेल.

गेल्या वर्षी पालकसभा संपल्यावर एका विद्यार्थ्याचे वडील आमच्याजवळ थांबले. कंपनीत कंत्राटी काम, गावाकडे सव्वा एकर जमीन आणि त्यात एक शेततळे. त्यांना कोणा एजंटाचा वारंवार फोन येत होता, ‘बियाणे गॅरंटीचे आहे, टेम्पो थेट तळ्यावर आणून देतो, फक्त रक्कम आधी भरा.’ घरातले थोडे सोने मोडून पैसे उभे करायचा विचार चालला होता. त्यांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला : “सर, बियाणे चांगले आहे की आजारी, हे नुसते बघून कळते का?”

प्रश्न नेमका होता. उत्तर ‘नाही’ असे आहे. ते ‘नाही’ का, आणि मग करायचे काय, हे सांगण्यासाठी हा लेख.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. झिंगा खाण्याबाबत आपल्या घरांत एकच रीत नाही. कोकणातल्या शाफई घराण्यांत तो बिनदिक्कत शिजतो. हनफी घराण्यांत त्याला मासा मानावे की नाही यावर उलमांची मते वेगवेगळी आहेत आणि काही जण तो टाळतात. हा प्रश्न आपापल्या आलिमांना विचारावा. इथे आपण फक्त त्याच्या शेतीबद्दल आणि त्यातल्या एका आजाराबद्दल बोलणार आहोत.

हा झिंगा कुरकुंभमध्ये जन्मत नाही

या कोळंबीचे शास्त्रीय नाव मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी. नराच्या लांबलचक निळ्या नांग्यांवरून ती चटकन ओळखू येते. ती नदीत, तळ्यात, गोड्या पाण्यात वाढते. पण तिच्या जन्माची एक अट आहे. मादी पोटाखाली हजारो अंडी धरून नदीच्या मुखाकडे जाते, कारण अंड्यातून निघालेल्या पिलांना खारट पाणी लागते. समुद्राइतके खारट नव्हे, हजार भाग पाण्यात साधारण १२ ते १५ भाग मीठ. त्या पाण्यात महिनाभर अकरा अवस्थांतून गेल्यावर पिलू इवल्याशा झिंग्यासारखे दिसू लागते आणि मग गोड्या पाण्याकडे वळते. या अवस्थेला ‘पोस्ट लार्व्हा’ किंवा नुसते ‘पीएल’ म्हणतात. एजंट ज्याला बियाणे म्हणतो ते हेच.

ही खाऱ्या पाण्याची अट माणसाला फार उशिरा कळली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मलेशियात पेनांग येथे शाओ-वेन लिंग या शास्त्रज्ञांना पिले काही केल्या जगवता येत नव्हती. पाण्यात मीठ मिसळल्यावर ती जगली. तिथून या झिंग्याची आधुनिक शेती सुरू झाली.

आपल्यासाठी यातला मुद्दा असा. समुद्रापासून इतक्या दूर, दौंड तालुक्यात, बीज आपोआप तयार होणार नाही. ते दरवर्षी बाहेरूनच आणावे लागणार. हॅचरीवाला, वाहतूकदार, एजंट असे तीन-चार हात बदलून, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून ते आपल्या तळ्यावर पोहोचते. ज्वारीचे बी आपण स्वतःच्या कणगीतून काढू शकतो, झिंग्याचे नाही. म्हणून या धंद्यात पहिला धोका तळ्यात नसतो, तो त्या पिशवीत असतो.

पांढरी शेपूट म्हणजे काय

या कोळंबीच्या पिलांना होणारा सर्वांत घातक आजार म्हणजे ‘व्हाइट टेल डिसीज’, आपल्या भाषेत पांढऱ्या शेपटीचा रोग. नाव लक्षणावरून पडले. निरोगी पीएल काचेसारखे पारदर्शक असते, आरपार दिसते. आजारी पिलाचे मांस शेपटीच्या टोकापासून दुधाळ पांढरे व्हायला लागते. पांढरेपणा हळूहळू पोटाकडे आणि पुढे डोक्याकडे सरकतो. पिलू सुस्त होते, खाणे सोडते. शेपटीचे पंखे झडू लागतात.

हॅचरीत नीट लक्ष ठेवणाऱ्याला याच्या एक दिवस आधीच इशारा मिळू शकतो. कोळंबी वाढताना कात टाकते. या आजारात टाकीवर तरंगणारी कात नेहमीसारखी दिसत नाही, ती अभ्रकाच्या पापुद्र्यांसारखी चमकते.

कारण आहे एक विषाणू. त्याचे पूर्ण नाव मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी नोडाव्हायरस, थोडक्यात एमआरएनव्ही. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या २६-२७ भागांएवढा त्याचा व्यास. त्याच्याबरोबर आणखी एक, त्याहूनही लहान विषाणू सापडतो. त्याला शास्त्रज्ञांनी नावच ‘एक्स्ट्रा स्मॉल व्हायरस’ असे दिले. हा दुसरा विषाणू वाढण्यासाठी पहिल्यावर अवलंबून असतो असे मानले जाते.

हा आजार वेगाने पसरतो. पहिली लक्षणे दिसल्यापासून साधारण पाचव्या दिवशी मरतूक सर्वाधिक होते. टाकीच्या टाकी रिकामी होऊ शकते. आजारी पिलांतली फारच थोडी पंधरा दिवसांपुढे जगतात.

पण जी जगतात, ती पुढे अगदी इतरांसारखी वाढतात. बाजारात जाण्याइतकी मोठी होतात. त्यांच्याकडे पाहून कोणी म्हणणार नाही की हिला कधी आजार होता. मोठ्या कोळंबीला हा विषाणू मारत नाही, मात्र तिच्या शरीरात तो राहू शकतो. अशी मादी अंडी देते तेव्हा तो आईकडून पिलांकडे जातो. त्याशिवाय आजारी पिलू आणि निरोगी पिलू एकाच पाण्यात असले तरी तो पाण्यातून पसरतो. हॅचरीत पिलांना खायला दिला जाणारा आर्टेमिया नावाचा बारीक जीव आणि पाण्यातले काही किडेसुद्धा त्याचे वाहक ठरू शकतात, असे प्रयोगांत दिसले आहे.

कोविडच्या काळात आपण सगळ्यांनीच एक शब्द शिकलो होतो, ‘लक्षणे नसलेला बाधित’. इथे तीच गोष्ट आहे. वर आलेल्या पालकांच्या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर त्यामुळेच. पिशवीतले पीएल आज टुणटुण उड्या मारताना दिसले, तरी त्यातल्या काहींमध्ये विषाणू असू शकतो आणि तळ्यात सोडल्यावर आठवडाभरात तो डोके वर काढू शकतो.

उलटही खरे आहे. शेपूट पांढरी दिसली म्हणजे हाच रोग, असे समजू नये. पाण्यातला प्राणवायू कमी झाला, तापमान एकदम बदलले, प्रवासात किंवा जाळ्यात फार हाल झाले, तरीही मांस पांढरे पडते. काही जिवाणूंमुळेही पडते. डोळ्यांनी फक्त शंका येते, खात्री प्रयोगशाळेतच होते.

खाणाऱ्यांच्या मनातली शंकाही इथेच दूर करू. हा विषाणू माणसाला होत नाही. त्याचा आघात शेतकऱ्याच्या खिशावर आहे, खाणाऱ्याच्या तब्येतीवर नाही. ज्यांना कोळंबीची ॲलर्जी असते त्यांची गोष्ट निराळी, तिचा या रोगाशी काही संबंध नाही.

आंध्रात जे झाले

हा रोग प्रथम आपल्या देशात सापडला नाही. वेस्ट इंडीजमधल्या ग्वादेलूप या फ्रेंच बेटावरच्या हॅचरीत पिले मरत होती, त्याविषयीचा शोधनिबंध १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे चीन, तैवान, थायलंड, ऑस्ट्रेलिया, मलेशिया, इंडोनेशिया अशा देशांतही तो आढळला. बीज, अंडीवाल्या माद्या, पाणी यांची ने-आण माणूस करतो, आणि त्यांच्याबरोबर विषाणूही फिरतो.

भारतात या कोळंबीची शेती १९९० च्या दशकाच्या अखेरीस जोरात वाढली. खाऱ्या पाण्यातल्या टायगर कोळंबीवर ‘व्हाइट स्पॉट’ या दुसऱ्या विषाणूने घाला घातला होता. त्यामुळे अनेक शेतकरी गोड्या पाण्याच्या झिंग्याकडे वळले. आंध्र प्रदेशातला नेल्लोर जिल्हा त्याचे मोठे केंद्र बनला. मग आंध्र आणि तमिळनाडूतल्या हॅचऱ्यांत पिले पांढरी पडून मरू लागली. ती पांढऱ्या शेपटीच्या रोगानेच मरत आहेत, हे २००३-०४ च्या सुमारास संशोधकांनी सिद्ध केले.

पुढचे आकडे बोलके आहेत. २००५-०६ मध्ये देशात या कोळंबीचे उत्पादन ४० हजार टनांच्या वर होते. २००९-१० पर्यंत ते १० हजार टनांच्याही खाली आले. याचा सगळा दोष विषाणूला देता येणार नाही. वर्षानुवर्षे त्याच त्या कुळातल्या माद्या वापरल्याने वाढ खुंटली होती. २००९ पासून व्हेनामी कोळंबीला देशात परवानगी मिळाली आणि मोठे शेतकरी तिकडे गेले. पण बियाण्यावरचा विश्वास उडाला तो या रोगाने. शेतकऱ्याने पैसे मोजायचे, पिले तळ्यात सोडायची आणि महिन्याभराने जाळे टाकले तर हातात काही लागायचे नाही. मेलेली पीएल तळाशी जातात आणि विरघळतात, त्यामुळे नुकसान झाले हेसुद्धा उशिराच कळते. तोवर खाद्याचा खर्च चालूच असतो.

शेजारच्या बांगलादेशातही अशीच गोष्ट घडली. तिथे या झिंग्याला ‘गोल्दा’ म्हणतात आणि अनेक गरीब कुटुंबांचे पोट त्यावर चालते. २०११ पासून तिथल्या हॅचऱ्यांत पिले मोठ्या प्रमाणात मरू लागली. कारण शोधता शोधता २०२० मध्ये संशोधकांनी एका निराळ्याच, तोवर अज्ञात असलेल्या विषाणूचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याला ‘गोल्दा व्हायरस’ असे नाव दिले गेले. म्हणजे पांढरी शेपूट हा एकच शत्रू नाही. पण सगळ्यांचा मार्ग बहुतेक वेळा तोच असतो, हॅचरीतून बियाण्याबरोबर.

मेलविशारमची प्रयोगशाळा

या कहाणीत आपल्या वाचकांनी आवर्जून माहीत करून घ्यावे असे एक नाव आहे. तमिळनाडूत मेलविशारम नावाचे गाव आहे, चामड्याच्या कारखान्यांचा भाग. तिथल्या मेलविशारम मुस्लिम एज्युकेशनल सोसायटीने १९६५ मध्ये एक महाविद्यालय सुरू केले. सी. अब्दुल हकीम या दानशूर चर्म व्यापाऱ्याचे नाव त्याला दिले. याच सी. अब्दुल हकीम कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात डॉ. ए. एस. साहुल हमीद यांनी आपल्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून जलचरांच्या रोगांवर काम उभे केले. भारतातल्या पांढऱ्या शेपटीच्या रोगाची ओळख पटवण्यात, तो आईकडून पिलांकडे कसा जातो आणि वाहक कोण कोण असू शकतात हे दाखवण्यात या प्रयोगशाळेचा मोठा वाटा आहे. फ्रान्समधल्या माँपेलिये येथील ज्याँ-रोबेर बोनामी यांच्यासारख्या तज्ज्ञांनी त्यांच्याबरोबर काम केले. पुढे जागतिक पशुआरोग्य संघटनेने या रोगासाठी संदर्भ प्रयोगशाळा म्हणून याच महाविद्यालयातल्या प्रयोगशाळेची निवड केली. या रोगाबद्दल जगात कुठेही शंका आली तर मत विचारण्याचे ठिकाण म्हणजे एका छोट्या औद्योगिक गावातल्या कॉलेजचा प्राणिशास्त्र विभाग.

आमच्या शाळेतली मुले विचारतात, बारावी सायन्सनंतर डॉक्टर आणि इंजिनिअर सोडून आणखी काय आहे? त्यांना आम्ही मेलविशारमचे उदाहरण देतो. आपल्या राज्यातही मुंबईत वर्सोवा येथे १९६१ पासून केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, रत्नागिरीजवळ शिरगाव येथे मत्स्य महाविद्यालय आहे. कुरकुंभच्या मुलीला मत्स्यशास्त्र शिकता येते, हे तिच्या आईवडिलांना ठाऊक असायला हवे.

औषध नाही, चाचणी आहे

या रोगावर औषध नाही. शेतकऱ्याने बाजारातून घ्यावी अशी लसही नाही. ‘पाण्यात हे टाका, विषाणू मरेल’ म्हणून बाटली विकणारा माणूस आला, तर त्याच्याकडून ती घेऊ नये. प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. ती उगाच टाकली तर पैसे जातातच, शिवाय मालात त्यांचा अंश राहतो.

उपाय एकच, बीज घेण्याआधी चाचणी. तिचे नाव आता प्रत्येक घराला पाठ आहे : आरटी-पीसीआर. कोविडमध्ये नाकातला स्राव घेत, इथे पीएल घेतात. हॅचरीत माद्यांचीही चाचणी करता येते. मादीला मारायची गरज नसते, पोटाखालच्या पोहण्याच्या पायाचा लहानसा तुकडा पुरतो. ज्या हॅचरीत अंडीवाल्या माद्या तपासून घेतात तिथला माल मुळातच जास्त भरवशाचा.

मात्र ‘रिपोर्ट आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. किती पिलांची चाचणी केली, हे विचारावे. याचे साधे गणित आम्ही नववीच्या वर्गात मांडून दाखवतो. समजा, एका टाकीतल्या दर १०० पिलांमागे ५ बाधित आहेत. तुम्ही त्यातून १० पिले उचलली. दहाही निरोगी निघण्याची शक्यता जवळजवळ ६० टक्के. म्हणजे टाकी आजारी असूनही दहातल्या सहा वेळा रिपोर्ट ‘निरोगी’ म्हणून येईल. तेच ६० पिले उचलली तर फसण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या खाली जाते. बाधितांचे प्रमाण १०० मागे २ इतके कमी असेल, तर १५० पिले तपासावी लागतात. ही पिले एकेक न तपासता गट करून एकत्र तपासता येतात, त्यामुळे खर्च आटोक्यात राहतो. किती नमुने पाठवायचे, कशात भरून पाठवायचे, हे प्रयोगशाळा सांगते.

एका शेततळ्यासाठी हा खर्च जड वाटेल. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद असे ९०० चौरस मीटरचे तळे असेल आणि चौरस मीटरला तीन पिले सोडायची ठरवली, तरी २,७०० पिलेच लागतात. एवढ्याशा मालासाठी कोण चाचणी करणार? म्हणूनच एकट्याने बीज आणू नये. पाच-दहा घरांनी मिळून एकाच हॅचरीतून, एकाच टाकीतले बीज ठरवावे आणि चाचणीचा खर्च वाटून घ्यावा. बचत गटातल्या बायकांना हे सांगावे लागत नाही, भिशी आणि गटाचे कर्ज त्या याच हिशेबाने चालवतात. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला प्रकल्पखर्चाच्या ४० टक्के, तर महिलांना ६० टक्के अनुदान ठेवले आहे. काम घरातली बाई करणार असेल, तर अर्जही तिच्याच नावाने असावा.

चांगल्या जातीच्या बीजाचीही चौकशी करावी. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संशोधन संस्थेने, म्हणजे सिफाने, वर्ल्डफिश या संस्थेच्या मदतीने २००७ मध्ये निवड पद्धतीने सुधारणेचे काम सुरू केले. गुजरात, केरळ आणि ओडिशातल्या कोळंबीच्या संकरातून पिढ्यान् पिढ्या निवड करत ‘सिफा-जीआय स्कॅम्पी’ हा वाण तयार झाला. तो वेगाने वाढतो. पण वाण चांगला म्हणजे विषाणूमुक्त, असे नव्हे. त्याचीही चाचणी हवीच.

तळ्यावर घरच्यांनी करायच्या गोष्टी

कुरकुंभसारख्या भागात सर्वांत आधी पाणी तपासावे. कारखान्यांच्या परिसरातले विहिरीचे किंवा ओढ्याचे पाणी पिकाला चालले, तरी झिंग्याला चालेलच असे नाही. तो माशापेक्षा नाजूक असतो. त्याला २८ ते ३१ अंश तापमान मानवते. आपल्याकडच्या डिसेंबर-जानेवारीतल्या थंड रात्री त्याला सोसत नाहीत. त्यामुळे पावसाळ्याच्या सुरुवातीला बीज सोडून कडाक्याच्या थंडीआधी माल काढण्याचा हिशेब ठेवावा.

बीज आले की पिशव्या लगेच फोडू नयेत. त्या वीस-पंचवीस मिनिटे तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवाव्यात, मग थोडे थोडे पाणी आत मिसळावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पिले थेट मोठ्या तळ्यात सोडू नयेत. सिमेंटच्या टाकीत किंवा तळ्यातच बारीक जाळीचा हापा बांधून दोन आठवडे वेगळी ठेवावीत. आजार असेल तर या दिवसांत दिसेल, रोजची मरतूक मोजता येईल, आणि नुकसान टाकीपुरते राहील. एकदा बीज हाप्यात सोडल्यावर ते पाणी मोठ्या तळ्याचेच असते, म्हणून जमेल तिथे टाकीच बरी. साथीच्या गावात जाऊ नये आणि तिथून बाहेर पडू नये, ही तालीम आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. टाकीतले हे दोन आठवडे म्हणजे तेच.

या टाकीकडे सकाळ-संध्याकाळ पाहणारी माणसे बहुधा घरातल्या बाया आणि मुले असतात. त्यांनी एक वही ठेवावी. किती मेली, शेपूट पांढरी दिसते का, तरंगणारी कात कशी आहे, खाद्य उरले का, एवढेच लिहावे. एका तळ्याची जाळी आणि बादली दुसऱ्या तळ्यात वापरू नये. शंका आली तर दहा-वीस आजारी पिले जिवंत असतानाच नमुना म्हणून काढून ठेवावीत, सडलेल्या पिलांवर चाचणी नीट होत नाही. पुण्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवावे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये ‘रिपोर्ट फिश डिसीज’ हे मोबाइल ॲप सुरू केले आहे. त्यावर फोटोसह माहिती पाठवता येते, आणि हे काम आठवीतला मुलगासुद्धा करू शकतो.

रोग ठरला तर त्या खेपेचे पाणी ओढ्यात सोडू नये. आपल्या शिवारातले ओढे शेवटी भीमेला मिळतात आणि भीमा उजनीत जाते. वाटेत कोणाचे तरी तळे त्याच पाण्यावर भरते. पाणी तिथेच निर्जंतुक करावे, तळे रिकामे करून कडक उन्हात पूर्ण वाळू द्यावे, आणि पुढचा हंगाम रोहू-कटल्यासारख्या माशांवर काढावा.

जो विकतो त्याच्यावरही जबाबदारी

आतापर्यंत सारे घेणाऱ्याला सांगितले. पण आपल्यातले काही जण उद्या विकणारेही होतील. कोणी एजन्सी घेईल, कोणी उरलेली पिले शेजाऱ्याला देईल. या धंद्यात फसवणूक फार सोपी आहे, कारण माल पाण्यात असतो आणि दोष डोळ्यांना दिसत नाही. आपल्या टाकीत मरतूक झाली हे माहीत असताना उरलेली ‘चांगली दिसणारी’ पिले निम्म्या भावात काढून टाकावीत, असा मोह होतो. नुकसान थोडे भरून निघेल असे वाटते. प्रत्यक्षात वाचलेली तीच पिले विषाणू घेऊन दुसऱ्याच्या तळ्यात जातात. असे रोग पसरत जातात त्यात अशा गुपचूप विक्रीचाही हात असणार, हे समजायला फार विद्वत्ता लागत नाही. मालातला दोष गिऱ्हाइकाला सांगून विकावा, लपवू नये, हे आपल्या दीनने व्यापाऱ्याला बजावून ठेवले आहे. भिजलेले धान्य वरच्या थरावर ठेवावे, आत दडवू नये, हा किस्सा मदरशातल्या मुलालाही येतो. झिंग्याच्या बियाण्यात दोष वर काढून दाखवता येत नाही. म्हणून तो कागदावर दाखवावा लागतो. चाचणीचा रिपोर्ट, तारीख, टाकीचा क्रमांक आणि तपासलेल्या पिलांची संख्या, एवढे चार तपशील पावतीवर लिहून देणारा व्यापारी तोच खरा.

त्या पालकांना आम्ही हेच सांगितले होते. एजंटाला ‘गॅरंटी आहे का’ असे विचारू नका, त्याला हो म्हणायला काही लागत नाही. त्याला पाच गोष्टी विचारा : बीज कोणत्या हॅचरीचे? माद्या तपासल्या होत्या का? या टाकीतली किती पिले, कोणत्या प्रयोगशाळेत, कोणत्या तारखेला तपासली? कागद आधी पाहायला मिळेल का? आणि दोन आठवडे वेगळी ठेवल्यावर आजार निघाला तर पैसे परत करणार का, हे लिहून देणार का? त्यांनी विचारले. पाचव्या प्रश्नानंतर एजंटाचे फोन बंद झाले. सोने घरातच राहिले आणि तळ्यात त्या वर्षी रोहू वाढला.

झिंग्याची शेती करूच नये, असे आमचे म्हणणे नाही. पाणी चांगले असेल, चार घरे एकत्र येत असतील आणि तपासलेले बीज मिळत असेल, तर जरूर करावी. हलाल रोजीचा तोही एक मार्ग आहे. पुढचे बीज पावसाच्या तोंडावर येईल. त्याआधी वरचे पाच प्रश्न घरातल्या सगळ्यांनी एकदा मोठ्याने वाचावेत, आणि ज्या वहीत दुधाचा हिशेब लिहितो तिच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवावेत.